टिपणीसांच्या गाडीचं सर्किट

शरच्चंद्र टिपणीसांची गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तिच्यात स्वतः टिपणीस होते, मृणालिनीबाई होत्या आणि दोन जोड्या पापलेटं होती. माहीमच्या बाजारातून दादरला परतताना शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर गाडीनं एक आचका दिला, समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि सगळं शांत झालं. दिवस ऑक्टोबरचे. गाडी सुरू होईपर्यंत पापलेटांचं काय होणार, हा प्रश्न नवराबायकोच्या मनात एकदमच आला. बाईंनी तो बोलून दाखवला नाही. त्यांनी फक्त पिशवीकडे पाहिलं आणि मग टिपणीसांकडे पाहिलं. गिरगावातल्या शाळेत बाई गणित शिकवत. त्यांचं असं पाहणं शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, इथे तर टिपणीस शेजारच्याच सीटवर होते.

"जरा थंड झाली की होईल सुरू," टिपणीस म्हणाले.

आणि ती खरंच झाली, हेच वाईट झालं. जी गाडी बंद पडते आणि बंदच राहते, ती सरळ माणसाची गाडी. तिला ओढत गॅरेजमध्ये नेता येतं. पण भर रस्त्यात अब्रू घालवून मग सोसायटीच्या आवारात मांजरीसारखी गुरगुरत उभी राहणारी गाडी मेकॅनिकला दाखवायची तरी कशी? टिपणीसांनी लालबागच्या रघु मेकॅनिकला घरी बोलावून आणलं. रघुनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "काका, चालतेय की. चालत्या गाडीला हात लावू नये." आणि चहा पिऊन गेला.

आता टिपणीसांना हात लावणं भागच होतं, कारण नोव्हेंबरअखेर मृणालिनीबाई निवृत्त होणार होत्या. निवृत्तीच्या दिवशी माणसाला गाडीत बसवून, शाल-श्रीफळासकट घरी पोचवायची आपल्याकडे पद्धत आहे. टिपणीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशी खात्याची जीप ऐन वेळी बिघडली होती. हारतुरे, शाल आणि नारळ सांभाळत ते बसमध्ये उभ्यानं घरी आले होते, आणि कंडक्टरनं त्यांना दोनदा "नारळवाले, पुढे चला" म्हटलं होतं. ते 'नारळवाले' त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. आपल्या बायकोला असं काही ऐकावं लागणार नाही, तिला तिच्या शाळेच्या दारातून आपण स्वतः, आपल्या स्वतःच्या गाडीतून घरी आणणार, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बिल्डिंगला सांगितलं होतं, शाळेतल्या कमळाबाई शिपाईणीला सांगितलं होतं, बंगलोरला असलेल्या मुलाला, राजसला तर दर रविवारी फोनवर सांगत होते.

"बाबा, मी त्या दिवशी आईसाठी कॅब बुक करतो," राजस म्हणाला. "मोठी गाडी येते, एसी असतो. आणि आपली गाडी आता काढून टाका ना."

"तुझी आई भाड्याच्या गाडीतून निवृत्त होणार नाही," असं म्हणून टिपणीसांनी फोन ठेवला. मग त्यांना रिमोटनं टीव्ही लावायचा होता, पण त्याला वेळ लागला.

त्याला वेळ का लागला, ते सांगायला हवं. टिपणीसांच्या घरात उघडं असं काही नसे. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरबँड. बटण दाबायचं तर अंगठ्याचा जोर लावावा लागे, आणि जोर लावला की आवाज कुजबुजीवरून एकदम सभेवर जाई. रक्तदाबाचं यंत्र त्याच्या मूळ पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. गाडीच्या सीटांवर शोरूमचं प्लॅस्टिक अजून होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणे उतरताना चर्र असा आवाज होई. दर पावसाळ्याच्या तोंडावर टिपणीस बॉनेट उघडून इंजिनावर जे जे विजेचं दिसेल त्याला धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांची झबली घालत. पावसाळा गेला तरी झबली तशीच राहत, कारण एकदा बांधलेलं सोडणं टिपणीसांच्या स्वभावात नव्हतं. आणि दर रविवारी ते ओल्या फडक्यानं इंजिन पुसत. बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतकं स्वच्छ इंजिन कुणाचंच नव्हतं, हे ते स्वतःही मान्य करत.

गाडी बंद पडल्याची बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या जगदीश परुळेकरला कळली आणि तो त्याच संध्याकाळी मुठीत मावणारा एक निळा ठोकळा घेऊन खाली आला. जगदीश विमा कंपनीत होता, पण त्याचा खरा अभ्यास मोबाइलवरच्या व्हिडिओंचा.

"काका, टेन्शन घ्यायचं नाय," तो म्हणाला. "हे स्टिअरिंगखाली लावलं ना, की गाडी स्वतः सांगते तिला काय होतंय ते. डॉक्टरचा पण डॉक्टर."

ठोकळा लावला. जगदीशच्या फोनवर इंग्रजीत एक ओळ उमटली. कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर सर्किट.

"बघा. सेन्सर गेला," जगदीश म्हणाला.

टिपणीसांनी चष्मा वर केला, ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी ऑफिसातलं तेज आलं. उभी हयात त्यांनी टेलिफोनच्या टेस्ट डेस्कवर काढली होती. अर्ध्या गिरणगावाच्या मुक्या टेलिफोनांना त्यांनी खुर्चीत बसून वाचा दिली होती. दोष शोधणं ही त्यांची नुसती नोकरी नव्हती, घराण्याची गादी असावी तशी ती त्यांनी चालवली होती.

"सेन्सर गेला असं ती म्हणतच नाही," ते म्हणाले. "सेन्सर सर्किट म्हणते. शेवटचा शब्द वाच. टेलिफोन बंद पडला की लोक पहिल्यांदा हँडसेट बदलतात. दोष असतो लाइनीत."

मग त्यांनी जगदीशला समजावलं. इंजिनात एक दांडा फिरत असतो. तो फिरता फिरता कुठे पोचला, हे सेन्सर गाडीच्या मेंदूला कळवतो, आणि त्या हिशेबानं मेंदू ठिणगी आणि पेट्रोल सोडतो. सेन्सरला तीन वायरी. एकीतून पाच व्होल्ट येतात, दुसरीतून परत जातात, तिसरीतून निरोप जातो. निरोप पोचला नाही की मेंदू हात वर करतो. निरोप का पोचला नाही, तर कदाचित निरोप्या आजारी असेल, कदाचित रस्ता खचला असेल. निरोप्याला बडतर्फ करण्याआधी रस्ता पाहावा.

जगदीशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर काका. म्हणजे सेन्सर बदला."

पुढच्या चार दिवसांत सगळी बिल्डिंग हेच म्हणाली. भाजीवाला म्हणाला, रघु फोनवर म्हणाला. फक्त तळमजल्याच्या सुंदराबाई वेगळं म्हणाल्या. त्यांच्या मते गाडीला दृष्ट लागली होती, कारण एवढं चकचकीत इंजिन उघडं टाकून कुणी रविवारी आवारात बसतं का. त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. बहुमतापुढे लोकशाहीत इलाज नसतो. टिपणीस ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले आणि नवा सेन्सर घेऊन आले. तो त्यांनी स्वतः बसवला, त्याच्यावर पुन्हा दुधाची पिशवी चढवली, रबरबँडचा दुहेरी वेढा दिला आणि गाडी आवारात तासभर चालू ठेवली. गाडी हूं की चूं करेना.

ती बोलली दुसऱ्या दिवशी, नायगावात, बीडीडी चाळींच्या समोर, बसस्टॉपच्या पुढ्यात. मागून बस आली, तिच्यामागे दुसरी आली, आणि टिपणीसांनी काच खाली करून हात जोडायला सुरुवात केली. एवढ्यात शामराव कदम रस्ता ओलांडून आले. बेस्टमध्ये बस चालवून निवृत्त झालेले शामराव चाळीतून नव्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहायला गेले होते, पण दिवसभर बसायला खाली जुन्याच जागी येत.

"जय भीम, टिपणीससाहेब. बसा आत, उतरू नका," ते म्हणाले आणि मागे वळून त्यांनी हाक दिली. "या रे सगळे. साहेबांची गाडी घरी न्यायची आहे."

बसस्टॉपवरची रांग मोडली. सहा-सातजण गाडीला भिडले. टिपणीसांचं घर तिथून पुढच्या वळणावर, पण ढकलणाऱ्यांना एकदा लय सापडली की घर कुठलं हे कोण बघतो. गाडी टिपणीसांच्या फाटकावरून पुढे गेली. टिपणीस आतून "इथे, इथे" म्हणत होते, लोकांना वाटलं ते हुरूप देताहेत. शेवटी शामरावांनीच शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं, तेव्हा गाडी हिंदू कॉलनीत शिरली होती. मग ती तेवढीच उलटी ढकलत आणावी लागली. ढकलणाऱ्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पण त्या दिवसापासून शामराव भेटले की रस्त्याच्या पलीकडून विचारत, "काय साहेब, गाडी कशी आहे?" आजारी सासऱ्याची चौकशी करावी अशा आवाजात विचारत. टिपणीसांनी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

नवा सेन्सर, तोच दिवा, तीच ओळ. बिल्डिंग गप्प झाली. टिपणीस दुखावले होते, पण आत कुठेतरी त्यांना बरंही वाटत होतं. सर्किट, असं आपण पहिल्या दिवशी म्हणालो होतो. आपण बरोबर असून गाडी बंद आहे, हे दुःख त्यांना सोसण्यासारखं होतं.

त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून व्होल्ट मोजायचा नवा मल्टिमीटर आणला, वायरीचे सांधे साफ करायचा स्प्रे आणला, आणि रविवारी बॉनेट उघडलं. तोच सोसायटीचे सेक्रेटरी हर्षवर्धन वागळे खाली आले.

"टिपणीस, तुम्हाला म्हणून सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पार्किंगमध्ये यांत्रिक काम करायला मनाई आहे. परवानगी लागते."

"मी काम करत नाही. मी निदान करतोय."

"निदानाचा नियम वेगळा नाही आपल्याकडे. अर्ज टाका, कमिटीपुढे ठेवतो."

टिपणीसांनी सरकारी खात्यात आयुष्य काढलेलं. अर्जाला ते डरत नव्हते. त्यांनी अर्जाला सर्किटची आकृती जोडली, तीन वायरी तीन रंगांत दाखवल्या आणि तळाशी संदर्भ दिले. कमिटीनं दोन बैठका घेतल्या. पहिलीत आकृती कुणालाच कळली नाही म्हणून ती टिपणीसांनाच बोलावून समजून घेण्यात आली, दुसरीत परवानगी मिळाली. बॉनेट उघडण्यास हरकत नाही, मात्र उघडलेल्या बॉनेटमुळे इतर सभासदांच्या जाण्यायेण्यास, दृष्टीस किंवा भावनांस अडथळा होऊ नये. एवढ्यात दिवाळी येऊन गेली.

परवानगीचा कागद विंडस्क्रीनला लावून टिपणीस कामाला बसले. प्लॅस्टिकची खुर्ची, गुडघ्यावर मल्टिमीटर, अर्थात त्याच्या पिशवीसकट. जगदीश शेजारी उभा, सुंदराबाई खिडकीत, वागळे नियमांवर नजर ठेवायला म्हणून जिन्यात. टिपणीसांनी सेन्सरवरची दुधाची पिशवी हलक्या हातानं सोडवली, हरवू नये म्हणून वायपरला अडकवली आणि मीटरच्या तारा लावल्या. पाच व्होल्ट बरोबर. परतीची वायर बरोबर. इंजिन सुरू केलं, निरोपही बरोबर. वायरी हलवून पाहिल्या, वाकवून पाहिल्या, तरी बरोबर. इंजिन सगळी सकाळ सुरात चाललं. शेवटी जगदीशला भूक लागली आणि तो वर गेला. टिपणीसांनी वायपरवरची पिशवी काढून नीट झटकली, पुन्हा चढवली, आणि या वेळी तीन रबरबँड लावले.

संध्याकाळी बाईंना घेऊन ते चाचणीला निघाले. परळपर्यंत गाडी राजासारखी गेली आणि पुलाच्या चढावर निजली. बाई दार उघडून खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी पुढे होते हं." टॅक्सीला हात करून त्या निघून गेल्या. रागावल्या असत्या तर टिपणीसांना चाललं असतं. पण त्या समजूतदारपणे गेल्या, आणि ते त्यांना फार लागलं.

घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "तपासणीला साहेब आले की माझा वर्ग पण असाच शहाण्यासारखा बसायचा. साहेबांची पाठ वळली की मग खरं कळायचं." टिपणीसांना हे पटलं. पण साहेबांची पाठ वळते तेव्हा गाडीत नेमकं काय बदलतं, हे त्यांना सुचेना. ते दात घासताना सर्किट आठवत, आमटीत बोटानं तीन वायरी काढत. एकदा झोपेत "परतीची वायर ठीक आहे" असं म्हणाले, आणि बाईंनी कूस बदलून "बरं" म्हटलं.

महिनाअखेर उजाडली. बाई सकाळी नेहमीसारख्या बसनं शाळेत गेल्या. निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. राजस कॅब पाठवतो म्हणतोय."

"दुपारी चारला फाटकाशी उभी राहा," टिपणीस म्हणाले. एवढ्या ठामपणे ते लग्नात मंगलाष्टकांनासुद्धा उभे राहिले नव्हते.

त्यांनी गाडी धुतली. इंजिन पुसलं. स्वतःच्या निवृत्तीला शिवलेला मोतिया रंगाचा सफारी घातला, तो पोटावर जरा ताणत होता. सुंदराबाईंनी बॉनेटवर झेंडूचा हार घातला आणि नवी लिंबू-मिरची बांधली. जगदीशनं अंगठा वर केला. लालबाग मागे पडलं, चिंचपोकळी मागे पडली. टिपणीस श्वास रोखून, ब्रेकवर हलका पाय ठेवत, नवी सून पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे नेते तशी गाडी नेत होते. सात रस्त्याला, चौकाच्या ऐन तोंडाशी, तिनं तो ओळखीचा आचका दिला.

मागून एकदम इतके हॉर्न वाजले की झेंडूची दोन फुलं गळून पडली. वाहतूक पोलीस बाई शिट्टी वाजवत आली.

"काका, गाडी हलवा."

"हलत नाही. सेन्सर सर्किटचा दोष आहे," टिपणीस म्हणाले.

"काय पण असू दे. बाजूला घ्या, नाय तर उचलायला गाडी बोलावते." मग तिला हार दिसला, सफारी दिसला. "लग्नाला चाललाय काय?"

"बायको रिटायर होतेय. तिला शाळेतून घरी आणायचंय."

पोलीस बाईनं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग एका टेम्पोवाल्याला खाली उतरवून तिनं गाडी फुटपाथला लावून घेतली आणि म्हणाली, "मी पलीकडची लाइन सोडून येते. तोपर्यंत काय करायचं ते करा. आल्यावर मी पुन्हा विचारणार नाही."

फोन वाजला. राजस. "बाबा, रागावू नका, पण मी कॅब पाठवलीच आहे. शाळेच्या गेटवर उभी आहे ती. आईला सांगू का बसायला?"

'नारळवाले, पुढे चला' टिपणीसांना अगदी कानाशी ऐकू आलं. "थांब थोडा," ते म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

सवयीनं त्यांनी पहिल्यांदा पिशवीच काढली. एक रबरबँड, दुसरा, तिसरा. पिशवी सुटली आणि त्यांच्या तळहातावर पाणी पडलं. गरम पाणी. टिपणीसांनी आभाळाकडे पाहिलं. नोव्हेंबरचं स्वच्छ आभाळ, ढगाचं नाव नाही. त्यांनी पुन्हा तळहाताकडे पाहिलं. पिशवीच्या आत, कडेकडेनं, बारीक दव जमलं होतं. वायरीचा सांधा त्यांनी ओढून काढला. आत तांब्याच्या दातांवर हिरवी पूड बसली होती, न घासलेल्या समईवर बसते तशी.

आणि मग त्या भर चौकात, हॉर्नच्या कल्लोळात, शरच्चंद्र टिपणीसांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. टेस्ट डेस्कवरून लाइनमनांना झापणारा आवाज. पावसाळ्याआधी लाइनमन टेलिफोनच्या सांध्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधत, आणि त्या पिशव्यांपायी टिपणीस त्यांना फाडून खात. अरे, पाणी वायरीवरून ओघळत आत जातं आणि तुमच्या पिशवीत कोंडतं. बाहेर येणार कुठून? ऊन तापलं की वाफ होते, गार झालं की पुन्हा पाणी. सांध्याला हवा लागू द्या. पिशवी दिसली तर पगार कापीन. असं त्यांनी किती लाइनमनांना सुनावलं असेल याची गणती नव्हती. आणि आपण दर रविवारी ओल्या फडक्यानं इंजिन पुसत होतो. तपासायला पिशवी काढायचो, सांधा वारा खायचा, गाडी शहाणी व्हायची. तपासून झालं की आपणच आपल्या हातानं, प्रेमानं, पुन्हा पिशवी चढवत होतो. शेवटी तर तीन रबरबँड.

त्यांना फुटपाथवर बसावंसं वाटलं. पण सफारीचा प्रश्न होता, आणि बायको फाटकाशी उभी होती. त्यांनी डिकीतून स्प्रे काढला, त्याच्यावरची पिशवी काढली, सांध्याच्या दोन्ही बाजूंवर फवारा मारला, रुमालाच्या टोकानं दात न् दात पुसला, फुंकर मारली, पुन्हा फवारा, पुन्हा फुंकर. सांधा खटकन बसला. झबलं खिशात घातलं. आता तो सेन्सर उघडाच, चारचौघांत जसा होता तसा उभा होता, आणि टिपणीसांना त्याच्याकडे बघून थोडं कसंतरी झालं.

पोलीस बाई परत आली तेव्हा इंजिन चालू होतं. "झालं?" तिनं विचारलं.

"सर्किटच होतं," टिपणीस म्हणाले.

ते गिरगावात पोचले तेव्हा शाळा सुटून बराच वेळ झाला होता. फाटकाशी एक भली मोठी पांढरी कॅब उभी होती, तिचं दार उघडं होतं आणि मुख्याध्यापिका त्या दाराकडे हात करून काही सांगत होत्या. बाई कॅबमध्ये बसल्या नव्हत्या. त्या फाटकाच्या मधोमध एका शाळकरी खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर शाल, मांडीवर नारळ, शेजारी कमळाबाई फुलांचा गुच्छ धरून उभी. हार घातलेली गाडी वळणावर दिसताच कमळाबाई म्हणाली, "आले गं बाई, साहेब आले."

"मी सांगितलं होतं ना, येतील म्हणून," बाई मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. "तुम्ही तासभर सांगताय, कॅबमध्ये बसा. मी इतकी वर्षं गणित शिकवलंय. उशीर होणं आणि न येणं यांतला फरक मला कळतो."

टिपणीसांनी खाली उतरून दार उघडलं. मग त्यांनी सीटवरचं प्लॅस्टिक पुसलं. निरोपाला थांबलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. कॅबवाल्यानं पण वाजवल्या, कारण त्याचं भाडं राजसनं आधीच भरलेलं होतं.

परतीच्या वाटेवर टिपणीसांनी बाईंना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पाण्याचं सांगितलं, हिरव्या पुडीचं सांगितलं, लाइनमनांचं सांगितलं आणि तीन रबरबँडांचंही सांगितलं. खिशातून पिशवी काढून दाखवली. बाईंनी ती उजेडात धरून बघितली. "आपल्याच दुधाची," त्या म्हणाल्या, आणि भायखळ्यापासून लालबागपर्यंत तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. टिपणीस समोर बघून गाडी चालवत होते. गाडी कुठेही अडली नाही. नायगावच्या रस्त्यानं त्यांनी मुद्दाम घेतली, आणि शामराव दिसताच दोन हॉर्न दिले. शामरावांनी उभं राहून सलाम ठोकला.

आवारात अख्खी बिल्डिंग खाली आली होती. सुंदराबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. वागळ्यांनी नियमात बसेल एवढी एक फुलांची माळ आणली होती. आणि जगदीश, ज्याची भीती होती तोच, पुढे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, मानलं. पण फॉल्ट होता काय, ते सांगा."

टिपणीसांनी घसा साफ केला. दोष शोधणाऱ्या माणसानं दोष लपवायचा नसतो, हे त्यांनी जन्मभर मानलं होतं. आता आवारात उभं राहून, सफारी घालून, दुधाच्या पिशवीचं नाव घ्यायचं. त्यांनी तोंड उघडलं.

"दोष सर्किटमध्येच होता," मृणालिनीबाई म्हणाल्या. "सेन्सरमध्ये नव्हता. पहिल्या दिवसापासून हे तेच सांगत होते. तुम्ही कुणी ऐकलं नाहीत."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. जगदीशनं मान खाली घातली. वागळे म्हणाले, "आकृतीत दिसतच होतं तसं." शरच्चंद्र टिपणीसांची छाती अशी भरून आली की सफारीचं मधलं बटण सुटलं. स्वतःच्या निवृत्तीला खात्यानं त्यांच्यावर भाषण केलं होतं, मानपत्र दिलं होतं, पण इतका मान त्यांना तेव्हा वाटला नव्हता. आपल्या बायकोकडे बघताना त्यांना वाटलं, शाळेनं आज काय गमावलं ते शाळेला कळलेलं नाही.

वर आल्यावर बाईंनी शाल घडी करून ठेवली, नारळ देवापुढे ठेवला आणि खुर्चीत बसून हात पुढे केला.

"द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रिमोट. आणि कात्री पण आणा."

टिपणीसांनी कात्री आणली, रबरबँड कापले आणि पिशवीतून रिमोट बाहेर काढला. त्याच्यावर बटणं लाल आणि हिरवी होती, हे दोघांनाही नव्यानं कळलं. बाईंनी बोटानं नुसतं टेकवलं आणि टीव्ही बेताच्या आवाजात लागला. बाई बातम्या बघू लागल्या. टिपणीस स्वयंपाकघरात गेले, रिमोटची पिशवी आणि खिशातली दुधाची पिशवी दोन्ही नळाखाली धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या आणि चिमटे लावले. लागते कधीतरी, ते स्वतःशी म्हणाले.